टेक गं बाय

खोटी गोष्ट सांगायची असती तर मी रात्र निवडली असती. अमावस्या, पडकं देऊळ, रडणारी कुत्री... सगळं जमवून आणलं असतं.

पण ही घडली दुपारी चार वाजता. वाळूजला, कामगारांच्या खोल्यांच्या एका गल्लीत, नळाला पाणी यायच्या वेळेला. गेल्या वर्षीची चंपाषष्ठी, जिला आमच्याकडे नुसतं 'सट' म्हणतात, तो दिवस आणि त्याच्या आधीचे पाच दिवस.

जिच्या बाबतीत घडली ती रत्नमाला माझी मावसबहीण. तिने मला हे भाकरी थापता थापता सांगितलं. दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. आवाज एकदाही हलला नाही, परातीतला हातही थांबला नाही.

म्हणूनच मला ते खरं वाटतं.

रत्नमालाचे वडील कारभारी. शे-सव्वाशे मेंढरं, दोन कुत्री आणि काळ्या अंगावर पांढरे डाग असलेली एक अबलख घोडी, एवढा त्यांचा संसार. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोडीवर लादायचं आणि पाचोडच्या बाजूने चारा बघत बघत पैठणकडे सरकायचं.

मेंढरं पुरुषांची आणि घोडी बाईची, ही आमच्यातली रीत. पुरुष मेंढरं घेऊन पुढे जातात. घोडी लादायची, चालवायची, नव्या तळावर उतरवायची, हे काम बायकांचं. आई वारली तेव्हा अबलख अजून शिंगरू होती, तेव्हापासून ती रत्नमालाची.

लादलेल्या घोडीवर काय नसतं? पातेली, वाकळा, कोंबड्यांचं खुराडं, काल जन्मलेली कोकरं... आणि सगळ्यात वर दोरीने बांधलेलं एखादं तान्हं पोर. उतरवताना घोडी एक पाऊल हलली तरी पोर खाली यायचं. म्हणून शिंगरू असल्यापासून तिला थांबायची हाक शिकवतात. जिची घोडी, तिची हाक.

रत्नमालाची हाक होती...

"टेक गंऽऽ बाय!"

ती ऐकली की अबलख असेल तिथे खिळायची. चारी पाय रोवून. अंगावर माशी बसली तरी कातडी थरथरायची नाही.

दुसऱ्या कुणाच्या तोंडून ती हाक आली तर मात्र ढिम्म. खुद्द कारभाऱ्यांनी घसा फोडला तरी तिने कधी ऐकलं नाही.

अपवाद एकच होता. कृष्णा.

कृष्णा म्हणजे तिच्या आत्याचा, कडूबाईचा मुलगा. मामाच्या बिऱ्हाडातच वाढलेला. अंगाने सडपातळ, घोड्यावर गोचिडीसारखा चिकटणारा आणि नकला करण्यात पटाईत. रत्नमालाचा आवाज तो असा हुबेहूब काढायचा की पाठमोरं ऐकलं तर तीच वाटावी. ऐन रस्त्यात मागून हाक द्यायचा. घोडी खाडकन थांबायची, पातेली घरंगळत खाली.

"किश्न्या, पातेल्याला पोचा पडला तर तुझ्या टाळक्यावर ठोकून सरळ करीन!"

"कर की. लगीन झाल्यावर तुलाच त्यात शिजवायचंय."

मामाची पोरगी, हक्काची. रत्नमाला कृष्णालाच द्यायची हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. रत्नमालाला सोडून सगळ्यांनी.

तिचं मन अंगदवर होतं.

अंगद त्याच बाजूच्या गावातला. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, माणसं अजून तिथेच आहेत. घरी थोडी शेती, स्वतः वाळूजला ठेकेदाराकडे कामाला. सुट्टीला मोटारसायकलवर गावी यायचा. कारभाऱ्यांचा तळ त्यांच्या रानात पडला की रत्नमाला फोन चार्ज करायला त्यांच्या घरी जायची. फोन तासाभरात भरतो. ती दोन-दोन तास यायची नाही. शहाण्याला काय ते कळावं.

अंगदकडे कुमेद रंगाची, तांबूस-काळसर घोडी होती. खास शर्यतीसाठी पाळलेली. हरभरा, दूध, रोज मालिश. दरवर्षी सटीला त्या गावच्या खंडोबाच्या जत्रेत घोड्यांची शर्यत लागते. सलग दोन वर्षं अंगदची ही लाडावलेली घोडी, कृष्णाने पळवलेल्या कारभाऱ्यांच्या लादायच्या घोडीकडून हरली होती. ते अंगदच्या फार मनाला लागलं होतं.

तिसऱ्या वर्षी, जत्रेच्या आदल्या आठवड्यात, पाचोडच्या बाजारात चहाच्या टपरीवर अंगदने कारभाऱ्यांना सरळच विचारलं. पोरगी द्याल का म्हणून.

कारभारी भडकले नाहीत. हसले. तेच जास्त वाईट.

"आमच्या वझं वाहायच्या घोडीपुढं तुझी घोडी एकदा तरी जाऊ दे रं. यंदा सटीला पुढं गेली, तर पोरगी तुझी. हे चार माणसांत बोललो."

कृष्णा शेजारीच बशीत चहा ओतत होता.

"मामा, जपून बोला," तो हसत म्हणाला. "शब्द लई महाग असतो."

रत्नमालाला कुणी काही विचारलं नाही. तिला हे संध्याकाळी तळावर कळलं, तेही कृष्णाकडूनच. सांगून झाल्यावर तो चुलीपाशी तिच्यासमोर बसला.

"तुला कोण जिंकायला पायजे, रतने?"

तिने उत्तर दिलं नाही. चुलीत फुंकर घालत राहिली.

"बरं," एवढंच तो म्हणाला आणि मेंढरांकडे गेला.

सटीचा दिवस. दुपारचे चार वाजत आलेले. काळ्या रानात फक्कीची पांढरी रेघ मारलेली. हलग्या कडकडत होत्या, भंडाऱ्याने हवा पिवळी झाली होती. शेवटच्या रेघेपाशी बायकांच्या घोळक्यात रत्नमाला उभी होती.

झेंडा पडला. सात-आठ घोडी सुटली. अर्ध्या वाटेत बाकीची मागे पडली आणि दोनच उरल्या. कुमेद आणि अबलख.

मग अबलख पुढे निघाली. मानभर पुढे. रेघ हाकेच्या अंतरावर होती.

रत्नमाला सांगते, तिने ठरवलं नव्हतं. तिला फक्त एवढं दिसत होतं की आता सगळं संपतंय, आणि तिचं तोंड आपोआप उघडलं.

"टेक गंऽऽ बाय!"

हाक दिली आणि तिने डोळे गच्च मिटून घेतले. पदराने कान दाबले. त्या गोंगाटात कुणाला काही कळलं नाही. सगळेच ओरडत होते.

डोळे उघडले तेव्हा अबलख रेघेच्या अलीकडे उभी होती. चारी पाय रोवून. पाठ रिकामी.

कृष्णा रेघेच्या पलीकडे पडला होता. मान वेडीवाकडी. जीपमध्ये घालेपर्यंतही तो टिकला नाही.

"शेवटाला वाकला कशाला कुणास ठाऊक," लोक म्हणत होते. "वाकला आणि तोल गेला. त्यात घोडी थांबली."

कडूबाईने रत्नमालाला मिठी मारून हंबरडा फोडला. "तुझ्या घोडीचा दोष नाय गं बाय. माझ्या लेकराचंच ध्यान चुकलं."

त्या मिठीत रत्नमाला लाकडासारखी उभी होती. तिला रडू आलं नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पायाला मुंग्या येतात आणि मग पाय आपला वाटेनासा होतो. तसं तिचं सगळं अंगच तिला आपलं वाटेना. ते आजही वाटत नाही, असं ती म्हणते.

कारभाऱ्यांनी शब्द पाळला. पुढच्या वैशाखात लग्न झालं. कडूबाई आली होती, खण-नारळाने ओटी भरून गेली. अंगदने शर्यतीत मिळालेली ढाल वाळूजच्या खोलीत भिंतीवर लावली. कुमेद घोडी मात्र महिन्याभरात विकून टाकली. का, ते त्याने सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. पुन्हा कधी तो शर्यतीच्या मैदानावर गेला नाही.

नवरा-बायको गुण्यागोविंदाने राहत होती. म्हणजे भांडत नव्हती. जेवताना मीठ मागण्यापुरतं बोलणं व्हायचं.

दोन वर्षं अशीच गेली.

गेल्या वर्षी सटीचे घट बसले त्या दिवशी अंगद पहिल्या पाळीला गेला होता, अजून परतला नव्हता. चार वाजले, नळ आला. रत्नमाला आणि शेजारची निशा हंडे लावून उभ्या होत्या.

आणि लांबून...

टापांचा आवाज आला. सिमेंटच्या रस्त्यावर.

"वहिनी, लग्नाचा घोडा चाललाय वाटतं," निशा म्हणाली.

रत्नमालाने मान वळवून कान दिला. लग्नाचा घोडा डुलत चालतो. हा भरधाव येत होता. आणि मागच्या उजव्या पायाची टाप किंचित उशिरा पडत होती. ती चाल तिने लहानपणापासून ऐकली होती.

मोठ्या रस्त्यावर टापा अचानक थांबल्या. एकदम. पाय रोवल्यासारख्या.

रत्नमाला श्वास रोखून उभी राहिली. यानंतर एक आवाज यायला हवा होता. माणूस पडल्याचा.

तो आलाच नाही.

निशा कोपऱ्यापर्यंत जाऊन बघून आली. "काहीच नाय. इतक्यात गेला कुठं तो?"

रत्नमालाने हंडा तसाच टाकला आणि वडिलांना फोन लावला.

"तात्या, अबलख कुठं हाय?"

"हितं, डोळ्याम्होरं. कडबा खातीय. का गं?"

"काय नाय. सहज."

दुसऱ्या दिवशी चार वाजता टापा पिठाच्या गिरणीपर्यंत आल्या. थांबल्या. तिसऱ्या दिवशी किराणा दुकानापर्यंत. निशाला आता काहीच ऐकू येत नव्हतं. ती रत्नमालाकडे विचित्र नजरेने बघायला लागली आणि हंडा लावून घरात जाऊन बसायला लागली.

चौथ्या दिवशी आवाज गल्लीच्या तोंडाशी आला...

तेव्हा रत्नमालाच्या ध्यानात आलं की बाकीचे सगळे आवाज गेलेत. समोर नळ चालू होता. हंडा भरून वाहत होता. पाणी दिसत होतं, पण पाण्याचा आवाज नव्हता.

टापा थांबल्या. आणि धो धो करत पाणी पुन्हा ऐकू आलं.

पाचव्या दिवशी गल्लीच्या मध्यापर्यंत. या वेळी थांबायच्या अगदी आधी एक बारीक आवाज आला. पट्टा करकरावा तसा. घोड्यावरचं माणूस पुढे वाकतं तेव्हा येतो तसा. मागोमाग घोड्याच्या घामाचा वास, त्यात मिसळलेला भंडाऱ्याचा.

थांबल्यावर पुन्हा तेच. पडल्याचा आवाज नाही.

ती म्हणते, तिला भीती वाटत नव्हती. भीती वाटायला अंगात काहीतरी जागं असावं लागतं. तिला एकच वाटत होतं. कृष्णा हिशोब मागायला आलाय, आणि उद्या दारात येणार. अंगदला आता कळणार. माझ्या हाकेने माणूस मेला आणि हा ज्या शर्यतीची ढाल भिंतीवर लावून बसलाय ती शर्यत हा जिंकलाच नाही, हे त्याला कळणार. मग हे घर उरणार नाही.

सहावा दिवस. सट.

अंगदची सुट्टी होती. सकाळी तळी भरली, वांग्याच्या भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला. चार वाजायला आले तसा तो मोटारसायकलची चेन बसवायला दारासमोर गल्लीतच उकिडवा बसला. गल्लीच्या तोंडाकडे पाठ करून.

"आत या की," ती दारातून म्हणाली. "मग करा ते."

"झालंच. पाच मिनिटं."

"आवो, या की आत!"

त्याने मान वर केली. काहीतरी बोलला. त्याचे ओठ हलले...

पण तिला आवाज आला नाही.

नळ वाहत होता. आवाज नव्हता. अंगदच्या हातातून पाना फरशीवर पडला. आवाज नव्हता.

मग टापा आल्या.

गिरणी. किराणा दुकान. गल्लीचं तोंड. वेग कमी होत नव्हता. गल्ली मोकळी होती, ऊन पडलं होतं, काहीच दिसत नव्हतं. टापा सरळ अंगदच्या पाठीवर चालून येत होत्या.

पुन्हा तीच वेळ. पुन्हा दोघं जण. आणि पुन्हा तिचं तोंड आपोआप उघडलं.

"टेक गंऽऽ बाय!"

तीन वर्षांत पहिल्यांदा.

टापा थांबल्या नाहीत. एक टाप किंचित अडखळली, बस. तशाच पुढे आल्या.

अंगदपासून दहा हात. पाच हात...

पट्टा करकरला. कुणीतरी वाकलं.

"टेक गंऽऽ बाय."

आवाज रत्नमालाचा होता. पण रत्नमालाचं तोंड बंद होतं. आवाजात थोडं हसू होतं, लहानपणी रस्त्यात पातेली पाडताना असायचं तेवढंच.

टापा खिळल्या. अंगदच्या पाठीशी.

पुढे काहीच नाही. मग नळाचा आवाज परत आला, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

अंगद तसाच बसून होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही. चेहरा पांढरा पडला होता, पण नवल वाटल्याचं त्यावर काही नव्हतं.

"त्या दिशी पण असंच झालं," तो म्हणाला. "आधी तू. मग तो."

रत्नमाला चौकट धरून उभी राहिली. "तुमाला ठावं होतं? मी हाक दिल्याली?"

"व्हय. मी त्याच्यापासनं दीड हातावर होतो, रतन. तुझ्या हाकंनं घोडी थांबलीच नाय. निसते कान हलवले. भरात होती ती, रेघ समोर होती. तो जिंकला होता."

त्याने ग्रीसचे हात फडक्याला पुसले. पुसतच राहिला.

"मग त्यानं घोळक्यात तुझ्याकडं बघितलं. तू डोळे मिटल्याली. माझ्याकडं बघून हसला. आन् वाकून तिच्या कानात तुझी हाक दिली."

गल्लीतून एक सायकल गेली. ती गेल्यावर रत्नमाला दारातून खाली उतरली.

"आन् हे तुमी मला सांगितलं नाय."

"काय सांगू? मी जिंकलो नाय म्हणून? त्यानं तुला मला दिली म्हणून?"

तीन वर्षं रत्नमाला समजत होती की हाकेने तिने कृष्णाला मारलं. आता कळलं की तिची हाक घोडीने ऐकलीच नव्हती. ऐकली होती फक्त कृष्णाने. चुलीपाशी जे उत्तर तिने दिलं नव्हतं ते त्याला शेवटच्या रेघेपाशी मिळालं.

तेव्हा तरी रडलीस का, असं मी तिला विचारलं.

"नाय," ती म्हणाली. "चेन बसवून झाल्यावर त्यांनी चा मागितला. केला."

ढाल त्याच दिवशी भिंतीवरून उतरली. पलंगाखाली गोणपाटात गुंडाळून ठेवली आहे. टाकवत नाही आणि लावतही नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिली नसती.

सटीनंतर टापा बंद झाल्या नाहीत. फक्त एक फरक पडला.

आता त्या थांबत नाहीत.

रोज दुपारी चार वाजता गल्लीच्या तोंडाकडून भरधाव येतात, दारावरून तशाच पुढे जातात आणि गल्लीच्या शेवटी, जिथे भिंत आहे, तिथे विरून जातात. कृष्णा आता हाक देत नाही. त्याला थांबवायचं असेल तर हाक रत्नमालानेच द्यायला हवी. आणि ती रोज तिच्या ओठांपर्यंत येते.

थांबला तर पुढे काय, हे तिला माहीत नाही. अंगदलाही नाही. त्याने मुकादमाला सांगून कायमची दुसरी पाळी मागून घेतली आहे. दोनला निघतो, रात्री बाराला येतो. चार वाजता तो घरी नसतो.

हे सगळं तिने मला सांगितलं तो दिवस मागच्या महिन्यातला. बोलता बोलता तिने भाकरी तव्यावर टाकली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि पदराचा बोळा करून दातांत गच्च धरला.

मी विचारणार होतो, काय झालं. पण तिचे डोळे दाराकडे लागले होते.

मला टापा ऐकू आल्या नाहीत. खोटं का सांगू? वासही आला नाही. तव्यावरची भाकरी जळायला लागली होती, तिने ती उलटली नाही.

मी सहज दाराबाहेर बघितलं. नळ चालू होता. निशाचा हंडा काठोकाठ भरून फरशीवर वाहत होता.

पाण्याचा आवाज येत नव्हता.

किती वेळ, सांगता येत नाही. मग तिने तोंडातला पदर काढला. त्यावर दातांचे ओले वळ होते.

"गेला," ती म्हणाली आणि जळकी भाकरी उलटली.

मी त्यानंतर दोनदा वाळूजला जाऊन आलो. दोन्ही वेळा सकाळी गेलो आणि तीनच्या आत निघालो.